गरम खोलीत कोणीच नव्हतं म्हणे

तुम्ही खोटं लिहिलंत, साहेब. हॉटेलच्या शिक्क्यानिशी, गुळगुळीत कागदावर, खाली ऐटबाज सही ठोकून तुम्ही लिहिलंत की दुपारी दोन वाजता गरम खोली रिकामी होती. रिकामी नव्हती. आत एक बाई होती. साठीला टेकलेली, हृदयात दोन स्टेंट असलेली, गुडघ्यांनी हार खाल्लेली, पण जिभेने अजून धडधाकट अशी एक बाई. आणि ती आत असताना तुमच्या माणसांनी बाहेरून आच वाढवली. कसं झालं ते नीट ऐका, कारण तुमच्या कागदात त्यातलं अक्षरही नाही.

त्या बाईला तिची भावजय वन्सं म्हणते, आणि वन्सं भावजयीला वहिनी म्हणतात. सख्खी नणंद आणि सख्खी भावजय, एका छताखाली तीस वर्षं, आणि तरी दोघी जिवंत. वन्संचं लग्न झालं नाही. का झालं नाही याची घरात सात कारणं सांगतात आणि सातही खोटी आहेत. त्या तयार कपड्यांच्या कारखान्यात वाफेच्या इस्त्रीवर होत्या. एकतीस वर्षं उभ्यानं काम. गुडघे तिथेच ठेवून आल्या, असं त्या स्वतःच म्हणतात. वहिनी शाळेच्या बसवर पोरं सांभाळते. सगळी पोरं उतरली की शेवटच्या बाकापर्यंत चालत जायचं, वाकून प्रत्येक बाकाखाली बघायचं आणि मगच ड्रायव्हरला हात दाखवायचा, हे तिचं काम. बावीस वर्षांत एकदाच एक पोरगी बाकाखाली झोपलेली सापडली. त्या एकदासाठी ती रोज वाकते.

वहिनीचा मुलगा परदेशात लिफ्ट दुरुस्त करतो. त्याला वाढवला आईने, पण शिकवला आत्याने. आत्याला स्टेंट बसवल्यावर त्याने फोनवर हट्टच धरला. "दोघी या. चार दिवस आराम करा. आत्या, तू जन्मात आराम केलेला नाहीस."

"जन्मात नाही केला म्हणून तर अजून उभी आहे," वन्सं म्हणाल्या. पण आल्या.

त्याच्या खोलीत चार जण राहतात, तिथे दोन बायकांना कुठे झोपवणार? तुमच्या हॉटेलातल्या लिफ्ट त्याचीच कंपनी बघते, म्हणून त्याला तुमच्याकडची सवलतीची कुपनं मिळाली. त्याने या दोघींना तुमच्या दारात सोडलं आणि तो कामावर गेला. जाताना आईच्या कानात म्हणाला, "इथले लोक फार काटेकोर आहेत. काही तक्रार होईल असं करू नकोस, हां. माझं इथे रोज येणं-जाणं असतं."

हे वाक्य वहिनीच्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं.

तुमचं हॉटेल सुंदर आहे, ते नाकारायचं कारण नाही. फरशी इतकी चकचकीत की वहिनी पहिला दिवसभर भिंत धरून चालली. न्हाणीघर त्यांच्या स्वयंपाकघराच्या दुप्पट. प्यायच्या पाण्यात फूल तरंगत होतं. वन्संनी ते बोटाने बाजूला केलं आणि म्हणाल्या, "वहिनी, इथे तहान लागली तरी आधी पूजा मांडावी लागेल असं दिसतंय."

स्पा तळमजल्याखाली होता. दोघींना पांढरे झगे मिळाले. काउंटरवालीने दोघींच्या मनगटात रबरी पट्टे अडकवले. मुलाने फॉर्मवर खरं ते सगळं भरलं होतं, हृदयाच्या रकान्यात आत्याच्या नावापुढे खूण केली होती. म्हणून वन्संना लाल पट्टा: गरम खोली बंद, खोल पाणी बंद, फक्त हलकी मालिश. वहिनीला हिरवा: सगळं मोकळं. पट्टा अंगावर असतो तोवर काउंटरवरच्या संगणकाच्या पडद्याला माहीत असतं की माणूस आत आहे. जाताना त्यांच्या माणसाने तो काढून काउंटरवरच्या पेटीत टाकायचा, की पडद्यावर माणूस बाहेर. काउंटरवालीने हे सगळं एका भाषांतराच्या यंत्रात बोलून सांगितलं आणि यंत्राने ते मराठीत ऐकवलं, सरकारी समारंभाच्या निवेदकासारखं: "पट्टा आपल्या सुरक्षिततेसाठी आहे. तो केवळ आमचे कर्मचारीच काढू शकतात."

वन्संनी पट्ट्याकडे बघितलं, मग यंत्राकडे बघितलं. "मेल्याचा आवाज किती गोड आहे."

आता चूक कुठे झाली ते सांगायला हवं, आणि ती या दोघींची झाली हे लपवायचं नाही. यांच्या घरात वस्तू एकीची अशी नसतेच. सरकारी दवाखान्यात दोघी रांगेत उभ्या राहतात, दोन टोकन घेतात, आणि जिचं जास्त दुखतं ती आधीचं टोकन घेऊन आत जाते. आतला डॉक्टर नाव विचारतो तेव्हा "हो, तीच" म्हणायचं, एवढंच. तीस वर्षं असं चाललं आणि त्यात कधी कोणाचं बिघडलं नाही. टोकन म्हणजे टोकन. पट्टा म्हणजे आणखी एक टोकन, असं दोघींना वाटलं. दुसरं काय वाटणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी एकला वन्सं म्हणाल्या, "वहिनी, मला ती मालिश नको. परकी बाई अंगाला हात लावणार, शी! तू जा. मी जरा गरम खोलीत बसते. गुडघे शेकून निघतील."

"अहो, पण डॉक्टर काय म्हणाले?"

"एकतीस वर्षं वाफेसमोर उभी होते मी. वाफेनं मरायचं असतं तर केव्हाच मेले असते. हे लाकडी खोकं मला काय करणार?"

"आणि हा लाल पट्टा?"

वन्संनी न्हाणीघरातला साबण उचलला.

काचेच्या बांगड्या ज्यांनी जन्मभर चढवल्या आणि उतरवल्या, त्या बायकांना तुमचा रबराचा पट्टा काय अडवणार? अंगठा तळहातात दुमडायचा, साबणाचा हात फिरवायचा, हाडावरून जरा कळ सोसायची. दोन मिनिटांत दोन्ही पट्टे बाहेर. पण वहिनीचं मनगट जाड आणि वन्संचं काडीसारखं. लाल पट्टा वहिनीच्या हातात इतका रुतला की बोटं फुगली. हिरवा वन्संच्या मनगटावर बांगडीसारखा खुळखुळत राहिला.

"आधी पाण्यात पाय सोडून बसते, मग आत दहाच मिनिटं," वन्सं म्हणाल्या. "दोनला पाण्याच्या कडेच्या त्या बाकावर भेटू." आणि चष्मा सावरत निघून गेल्या.

मालिशवालीने दिवे मंद केले, तेल ओतलं. वहिनीचं अंग लाकडासारखं ताठ. मन बाहेरच. पालथी पडल्या पडल्या ती आकडे मोजत होती.

दोन वाजून पाच मिनिटांनी ती बाकापाशी आली. बाक रिकामा होता. पाण्यात कोणी नव्हतं. गरम खोलीकडे जाणाऱ्या बोळाचं काचेचं दार बंद होतं आणि त्यावर लाल दिवा लागला होता. काचेतून आतलं दिसत होतं: पलीकडे गरम खोलीचं लाकडी दार, शेजारी एक फळी. फळीवर निळ्या दोरीचा चष्मा ठेवलेला होता.

चष्म्याशिवाय वन्संना स्वतःचे पाय दिसत नाहीत. चष्मा तिथे म्हणजे वन्सं आत.

वहिनी काउंटरकडे धावली. तिला त्या भाषेतले पाचसहा शब्दच येतात. ते सगळे तिने एका दमात वापरले आणि हाताने दाराकडे दाखवलं. काउंटरवालीने हसून पडदा बघितला आणि यंत्रात बोलली. यंत्राने सांगितलं, "आपली सोबती एक वाजून बावन्न मिनिटांनी प्रसन्नपणे बाहेर पडली आहे. आत कोणीही नाही. दोन ते दोन चाळीस खोलीचे तापमान निर्जंतुकीकरणासाठी वाढविले जाते. या काळात दार आपोआप बंद राहते."

वहिनीने एवढंच ऐकलं: तापमान वाढविले जाते.

प्रसन्नपणे बाहेर पडली होती ती वन्सं नव्हे, नुसता पट्टा. वन्संच्या काडीसारख्या मनगटावरून तो पाण्यात गळून पडला. तुमच्या कुणा नोकराने उचलला आणि नेमाप्रमाणे पेटीत टाकला. पडद्यावर एक माणूस कमी झालं. वन्संनी बघितलंही नसेल. चष्मा काढून, दार चाचपत, उघड्या मनगटाने त्या आत गेल्या असतील.

"चष्मा!" वहिनी ओरडली. "तिचा चष्मा तिथे आहे!"

"विसरलेल्या वस्तू संध्याकाळपर्यंत आपल्या खोलीत पोहोचविल्या जातील."

आता खरं सांगायला हवं होतं. पट्टे बदलले हे सांगायला हवं होतं. आणि इथे वहिनी थांबली. मुलाचं ते वाक्य खिळ्यासारखं वर आलं. तक्रार होईल, नाव लिहून घेतील, कंपनीला फोन जाईल, पोराचं काय होईल? ती काउंटरला धरून उभी राहिली. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा तीन घरं पुढे गेला. ती तीन मिनिटं वहिनीची आहेत. ती तिने अजून कुणावर ढकललेली नाहीत.

मग तिने यंत्र स्वतःच ओढून घेतलं आणि त्यात ओरडली, "आम्ही पट्टे बदलले! हिरवा तिच्या हातात होता! तिला हार्टचा त्रास आहे, तिला! मला नाही! आत माझी नणंद आहे, दार उघडा!"

यंत्राने सगळं गोड आवाजात भाषांतरित केलं. काउंटरवालीने वहिनीचा हात बघितला. लाल पट्टा. पडदा बघितला. लाल: हृदयविकार. वहिनीचा चेहरा बघितला: घामेजलेला, लाल, डोळे फिरलेले, बोलण्याला ताळ नाही. तिचं हसू मावळलं आणि तिने एक बटण दाबलं.

वहिनीला वाटलं, आता दार उघडणार. पण धावत आली ती नर्स, आणि तिच्यामागे चाकांची खुर्ची. दाराकडे नाही, हिच्याकडे.

"कृपया शांत व्हा," यंत्र म्हणालं. "आपल्या हृदयाला विश्रांतीची आवश्यकता आहे."

"अगं बाई, माझं हृदय दगडाचं आहे! दार उघडा!"

नर्सने मनगट धरलं. नाडी धावत होती. धावणारच ना! नर्सने मान हलवली, सगळं जुळत होतं. नर्सने आणि काउंटरवालीने खांदे धरून वहिनीला खुर्चीत बसवलं. कोणी मारलं नाही, कोणी ओरडलं नाही. सगळ्यांचे हात मऊ होते, सगळे तिच्या जिवासाठीच झटत होते. त्यामुळेच जास्त भीती वाटत होती. ती जितकी ओरडे तितकी ती आजारी ठरे. ती गप्प बसली असती तर म्हणाले असते, बरं वाटतंय आता. खुर्ची वळली आणि लिफ्टकडे निघाली. पाठीमागे तो काचेचा दरवाजा लांब लांब जाऊ लागला. आत आच चढत होती. घड्याळात दोन वाजून सतरा.

वहिनीने अंगठा तळहातात दुमडला. मालिशचं तेल अजून हाताला होतं, पण पट्टा मांसात रुतला होता. तिने दात दाबले आणि ओढला. हाडावरची कातडी सोलली गेली, पट्टा रक्त-तेलात माखून सुटला. तिने तो काउंटरवर फेकला. तसं तिकडे पडद्यावर काहीतरी टणकन वाजलं.

काउंटरवाली पांढरीफटक पडली. जे निघत नाही ते निघालं होतं. तिने पट्टा बघितला, पडदा बघितला, वहिनीचं जाडजूड मनगट बघितलं. तिला कळलं, साहेब. त्या क्षणी तिला सगळं कळलं. आणि तिने काय केलं? दाराकडे धावली? नाही. तिने फोन उचलला, वरिष्ठांची परवानगी मागायला. दार मध्येच उघडायला तुमची परवानगी लागते म्हणे. फोन वाजत राहिला. तुम्ही उचलला नाही.

वहिनी खुर्चीतून उठली. नर्सचा हात झटकून ती बोळाकडे पळाली. तिथे एक सफाईवाली बादली घेऊन भिंतीला टेकली होती, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. ना तिला मराठी, ना वहिनीला तिची भाषा, आणि यंत्र मागे राहिलेलं. वहिनीने तिचे ओले हात धरले. एक बोट वर केलं: एक माणूस. काचेकडे दाखवलं. गुडघ्यावर हात ठेवून लंगडून दाखवलं. छाती धरून दाखवली. मग दोन्ही हात जोडले. सफाईवालीने मागे काउंटरकडे बघितलं. तिथून कोणीतरी "नको, नको" असा हात हलवत होतं. सफाईवालीने तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं. शिवी असावी, शिवीला भाषांतर लागत नाही. तिने किल्ली लावली.

काचेचं दार उघडलं. मग लाकडी दार. आतून भट्टीसारखा झोत अंगावर आला आणि त्याबरोबर वन्सं, दाराला टेकून बसलेल्या, तशाच बाहेर कलंडल्या. चेहरा भाजलेल्या विटेसारखा. ओठ कोरडे, फाटलेले. डोळे अर्धे उघडे, पण त्यात कोणी नव्हतं.

"वन्सं! अहो वन्सं! बघा, मी आले!"

तीस वर्षांत पहिल्यांदा वन्संनी उलट उत्तर दिलं नाही.

वहिनी तिथेच फरशीवर बसली, डोकं मांडीवर घेतलं आणि पाण्यात बुडवलेला झगा त्यांच्या छातीवर पिळत राहिली. सफाईवाली बादलीने पाणी आणत होती. नर्स आता खऱ्या बाईची नाडी शोधत होती आणि ती तिला सापडत नव्हती. मग सापडली. दोऱ्याएवढी.

तीन दिवस वन्सं दवाखान्यात नुसत्या पडून होत्या. चौथ्या दिवशी सकाळी तुम्ही आलात. फुलं घेऊन, यंत्र घेऊन आणि कागद घेऊन. मुलाने कागद वाचला आणि आईला मराठीत सांगितला: पाहुण्यांनी सुरक्षा पट्ट्यांची परस्पर अदलाबदल केली, त्यामुळे नोंदीनुसार खोली रिकामी होती, हॉटेलचा कोणताही दोष नाही, हे आम्हाला मान्य आहे. खाली सहीची जागा.

"सही केलीस तर सगळं मिटेल, आई," मुलगा खालच्या आवाजात म्हणाला. त्याला आईकडे बघवत नव्हतं. "कंपनीलाही ते काही कळवणार नाहीत."

वहिनीने पेन घेतलं. ती सही करणार होती, साहेब. कारण पट्टे बदलले होते, ते खरंच होतं. साबण तिच्याही हाताला लागला होता. ती तीन मिनिटं तिचीच होती. रात्रंदिवस तिने स्वतःला दोष दिला होता, त्यात एक कागद जास्त, एवढंच.

तेवढ्यात पलंगावरून आवाज आला. जड, अडखळता, अर्धं तोंड वाकडं.

"वहिनी."

पेन गळून पडलं. वहिनी धावली. "बोला, वन्सं, मी इथे आहे."

"पाणी... नको ते फुलाचं." मग: "मी दार वाजवलं गं. खूप वाजवलं."

"हो, हो. झालं आता. बोलू नका."

"ऐक तर." उजव्या हाताने त्यांनी वहिनीचं मनगट धरलं, सोललेलं, पट्टी बांधलेलं. डावा हात हलत नव्हता. "बाहेरून... वाजवलं कोणीतरी. दोनदा. टक टक. मी म्हटलं, आलेच. आता उघडतील. म्हणून मग मी... वाजवायचं थांबवलं. वाट बघत बसले."

मुलगा आत्याकडे बघत राहिला, मग तुमच्याकडे. त्याने यंत्र उचललं नाही. तुमच्या भाषेत, स्वतःच्या तोंडाने त्याने आत्याचं वाक्य तुम्हाला सांगितलं. नोकरी गेली तर गेली, असा चेहरा करून सांगितलं. तुम्ही फुलांकडे बघितलंत.

वहिनीने कागद उचलला, दोनदा घडी घातली आणि सही न करता तुमच्या हातात परत दिला. कारण पट्टे आम्ही बदलले, कबूल. पडदा चुकला, तेही समजून घेऊ, पडद्याला काय कान असतात? पण त्या बंद बोळात शिरून ज्याने बाहेरून टक टक केलं त्याला कान होते. आत माणूस आहे हे त्याला कळलं होतं. त्याने ऐकलं, उत्तर दिलं आणि तो निघून गेला.

तो कोण होता? तुमच्या पगारावरचा कुठला माणूस होता, कुणाच्या हुकमाने गेला, आणि गेला तो कुणाला सांगायला गेला? तुम्हाला? कागद बाजूला ठेवा, साहेब, आणि यंत्रही बाजूला ठेवा. एवढं एक तोंडाने सांगा: तो कोण होता?